डायलिसिसच्या यादीआधीची वर्षं

ज्यांच्या हातात अजून रुग्णालयाचा केसपेपर आलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. वय तीस ते पन्नास, दिवसभर बसून काम, पोट थोडं सुटलेलं, पँटचा नंबर दर दोन-तीन वर्षांनी वाढतोय, पण दुखत-खुपत काहीच नाही. अशा प्रत्येकाने हे शेवटपर्यंत वाचावं, आणि घरात असं कुणी असेल तर त्यांना वाचून दाखवावं, ही कळकळीची विनंती.

मी एका सार्वजनिक रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम करते. डॉक्टर उपचार सांगतात आणि पैशांचं काय, हा प्रश्न घेऊन नातेवाईक आमच्या टेबलाशी येतात. रेशनकार्ड, आधार, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राने ऑनलाइन पाठवायचा प्रस्ताव, त्यात जे बसत नाही त्यासाठी ट्रस्टना पत्रं, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज. "मॅडम, योजनेत बसतं का?" हे वाक्य आम्ही दिवसभर ऐकतो. त्यामुळे आजार मला दिसतो तो पैशांच्या बाजूने. डायलिसिस, अँजिओप्लास्टी, पक्षाघात, गँगरीन झालेलं पायाचं बोट, झिजलेले गुडघे अशा फायली वेगवेगळ्या विभागांतून येतात आणि वेगवेगळ्या दिसतात. मागची पानं उलटली की त्यातल्या कितीतरी एकाच ठिकाणी जाऊन मिळतात. दहा-पंधरा वर्षांपूर्वी वाढलेलं वजन, मग साखर, मग बीपी, आणि त्याकडे झालेलं दुर्लक्ष.

परवाचीच एक फाइल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. टेम्पो चालवणारे गृहस्थ, वय अठ्ठेचाळीस. दोन्ही मूत्रपिंडं निकामी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्यांच्या पत्नीने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर मांडला. केशरी रेशनकार्ड, डायलिसिससाठीच्या फिस्टुलाच्या शस्त्रक्रियेचं डिस्चार्ज कार्ड, डोळ्यांना लेझर केल्याची पावती, आणि सगळ्यात खाली घडीवर फाटलेला एक जुना कागद. बारा वर्षांपूर्वी युनियनने भरवलेल्या आरोग्य शिबिरातला. वजन ९४ किलो. बीपी १५०/९६. उपाशीपोटी साखर १६८. खाली निळ्या शाईचा शिक्का, 'डॉक्टरांना दाखवावे'. मी विचारलं, "तेव्हा दाखवलं होतं का?" त्या म्हणाल्या, "नाही मॅडम, त्रास काहीच नव्हता ना. रोज गाडीवर जात होते."

त्या कागदाच्या वेळी उपचाराला काय लागलं असतं? साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या, ज्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. वर्षातून दोन-तीनदा रक्त-लघवीची तपासणी. सहा-सात किलो वजन उतरवायला काही महिने आणि पाठपुरावा करणारं एखादं माणूस. आज त्याच गृहस्थांसाठी एक डायलिसिस यंत्र आठवड्यातून तीनदा चार-चार तास अडकतं. मूत्रपिंड बदललं नाही तर जन्मभर अडकणार. हिमोग्लोबिन टिकवायला इंजेक्शनं लागतात, फिस्टुला बंद पडला की पुन्हा भरती व्हावं लागतं. टेम्पो विकला. पत्नी चार घरची कामं करतात. त्यांचे आठवड्याचे तीन दिवस बुडतात म्हणून दोन घरं सुटली. मुलगा कॉलेज सोडून पार्सल पोचवतो. डायलिसिस योजनेत बसलं. बाकीचं कुठल्याच योजनेत बसत नाही.

मूत्रपिंड निकामी होणाऱ्या प्रत्येकाचं कारण लठ्ठपणा नसतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण डायलिसिसच्या यादीत सर्वांत मोठा गट मधुमेहाच्या रुग्णांचा असतो, आणि प्रौढ वयातल्या मधुमेहामागचं सर्वांत मोठं टाळता येण्याजोगं कारण पोटावरची चरबी आहे. ती यकृतात, स्वादुपिंडाच्या आसपास साठते, इन्सुलिनचं काम बिघडवते, रक्तदाब वाढवते. याला वर्षं लागतात आणि त्या वर्षांत माणूस धडधाकट दिसतो. हीच वर्षं आपण वाया घालवतो.

आता देशाचं चित्र पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २००५-०६ साली बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ च्या पुढे असलेल्या स्त्रिया १२.६ टक्के होत्या, पुरुष ९.३ टक्के. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हेच आकडे २४ आणि २२.९ टक्के झाले. पंधरा वर्षांत स्त्रियांमध्ये जवळपास दुप्पट आणि पुरुषांमध्ये दुपटीहून जास्त. महाराष्ट्रात स्त्रिया २३.४ टक्के, पुरुष २४.७ टक्के, गोव्यात स्त्रियांचं प्रमाण ३६.१ टक्क्यांवर आणि पुरुषांचं ३२.६ टक्क्यांवर पोचलं होतं. आणि त्याच महाराष्ट्रात २०.८ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या होत्या. म्हणजे ज्या आरोग्यसेविकेने एका घरात लोहाच्या गोळ्या द्यायच्या, तिनेच शेजारच्या घरात साखर तपासायची. तिचे हात दोनच आहेत.

बीएमआयचा आकडासुद्धा आपल्या बाबतीत पुरी गोष्ट सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. हातपाय बारीक आणि चरबी पोटाशी, ही आपली ठेवण. म्हणून भारतीयांसाठी तज्ज्ञांनी बीएमआय २३ पासूनच सावध व्हायला सांगितलं आणि कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, स्त्रियांना ८० सेंटिमीटर ठरवली. 'मी कुठे लठ्ठ आहे?' असं म्हणणाऱ्या अनेकांची कंबर या रेषेपलीकडे गेलेली असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात ३९.५ टक्के प्रौढांचं पोट मर्यादेबाहेर आढळलं. मधुमेह असलेले १०.१ कोटी आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले १३.६ कोटी, हा अंदाजही त्याच पाहणीचा. गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वाधिक.

उंबरठ्यावरची ही १३.६ कोटी माणसं पुढे कोणत्या रांगेत उभी राहणार, यावर आपल्या सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेचं भवितव्य ठरणार आहे. मी घाई करते आहे ती यासाठी.

पैशांचा हिशेब असा. 'बीएमजे ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२२ साली आलेल्या अभ्यासानुसार जास्त वजन आणि लठ्ठपणा यांचा भारतावरचा आर्थिक भार २०१९ मध्ये २८.९५ अब्ज डॉलर होता, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे दोन लाख कोटी रुपये, सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या १.०२ टक्के. यात उपचारांचा खर्च आहे, तसंच बुडालेलं काम आणि अकाली मृत्यूही धरलेले आहेत. आहे तसंच चालू राहिलं तर २०६० पर्यंत हा भार २.४७ टक्क्यांवर जाईल. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. केंद्र आणि सगळी राज्यं मिळून आरोग्यावर जो खर्च करतात, तो २०२१-२२ मध्ये सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने ठरवलेलं २.५ टक्क्यांचं उद्दिष्ट कागदावर राहिलं. देशाच्या एकूण आरोग्यखर्चातले ३९.४ टक्के २०२१-२२ मध्ये लोकांनी थेट खिशातून भरले. जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं, त्याने कितीतरी घरं वाचली, आणि ते मी रोज पाहते. पण या योजना मुख्यतः भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहेत. ओपीडीतल्या गोळ्या, पट्ट्या, तपासण्या, प्रवास आणि बुडालेली मजुरी घराच्या माथी. गहाण पडलेलं सोनं बहुतेक याच खर्चापायी पडलेलं असतं.

रुग्णालयाच्या आतही हा भार शब्दशः उचलावा लागतो. जास्त वजनाच्या रुग्णाला स्ट्रेचरवरून टेबलावर घ्यायला दोघांच्या जागी चार-पाच जण लागतात. दंडाला नेहमीचा बीपीचा पट्टा बसत नाही. लहान पट्ट्याने दाब खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, आणि मोठा पट्टा सगळ्या वॉर्डांत मिळून एखादाच असतो, तो शोधत सिस्टर फिरतात. भूल देणं जोखमीचं होतं, टाके लवकर भरत नाहीत, जखमेत संसर्ग होतो, तीन दिवसांची भरती दहा दिवसांची होते. तेवढे दिवस दुसरा कुणीतरी पलंगाची वाट पाहत जमिनीवरच्या गादीवर असतो. हे लिहिताना मला त्या रुग्णांची मान खाली घालायची नाही. उलट, वॉर्डात त्यांना जे टोमणे ऐकावे लागतात, त्यांची मला चीड येते. लाजेपोटी माणसं दवाखान्यात यायचं टाळतात आणि आजार आणखी पिकवून येतात. बारा तास ड्युटी, चार तास लोकलचा प्रवास, घराजवळ चालायला सलग फुटपाथ नाही, आणि प्रत्येक टपरीवर पाच आणि दहा रुपयांची तळलेली, गोड, खारट पाकिटं टांगलेली. या जगण्यात वजन वाढणं हा एकट्या माणसाचा दोष नाही. हा प्रश्न सोडवण्याचा भारही एकट्यावर टाकता येणार नाही.

म्हणून माझी पहिली मागणी सरकारकडे आहे, आणि ती तुम्ही माझ्याबरोबर करावी. केंद्राच्याच २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालात नोंद आहे की अतिप्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांचा देशातला खप २००६ साली सुमारे ९० कोटी डॉलर होता, तो २०१९ मध्ये ३,७९० कोटी डॉलरवर गेला. त्याच अहवालाने पाकिटाच्या दर्शनी भागावर स्पष्ट माहिती आणि असल्या पदार्थांवर जास्त कर सुचवला. आणि प्रत्यक्षात २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, चॉकलेट, आइस्क्रीमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, फरसाण-नमकीनवरचा १२ वरून ५ वर. शीतपेयांवर ४० टक्के ठेवला, ते योग्यच केलं. पण एका हाताने पाकीट स्वस्त करायचं आणि दुसऱ्या हाताने डायलिसिसचे पैसे मोजायचे, हा व्यवहार सामान्य करदात्याला परवडणारा नाही.

पाकिटावरच्या इशाऱ्याचं तर आणखी लांबलं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये पदार्थ किती आरोग्यदायी आहे यावरून पाकिटाला तारे देण्याचा मसुदा आणला. तारे पाहिले की माणसाला वाटतं, बरं आहे, दोन तारे तरी आहेत. चिलीने २०१६ मध्ये असली मखलाशी केली नाही. साखर, मीठ, चरबी जास्त असेल तर पाकिटावर काळा अष्टकोन छापायला लावला. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही तो कळतो. मेक्सिकोने २०१४ मध्ये साखरेच्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला आणि खप घटला. ब्रिटनने २०१८ मध्ये साखरेच्या प्रमाणानुसार कर लावला, तेव्हा कर लागू होण्याआधीच कंपन्यांनी बाटल्यांतली साखर कमी केली, कारण तिथे गोडीचे पैसे ग्राहकाआधी कंपनीला मोजावे लागणार होते. आपल्याकडे एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या प्रश्नी मुदत घालून द्यावी लागली. आम्हाला तारे नकोत, काळा इशारा हवा, आणि अशा करातून येणारा पैसा तपासणी आणि प्राथमिक उपचारांसाठीच राखून ठेवलेला हवा. हे आपल्या खासदाराला, आमदाराला पत्राने कळवा. दोन ओळी पुरतात. ग्राहक पंचायत, महिला मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ यांनी ठराव करून पाठवावेत.

नगरसेवकाकडे मात्र एकच गोष्ट मागा. वॉर्डात एक किलोमीटर तरी सलग, उजेड असलेला, फेरीवाले आणि दुचाकी यांच्यापासून मोकळा फुटपाथ. सुशोभीकरण नको, कारंजी नकोत. बाईमाणसाला रात्री जेवणानंतर निर्धास्त अर्धा तास चालता आलं पाहिजे.

दुसरी गोष्ट आधीपासून आपल्या हातात आहे आणि आपण ती वापरत नाही. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची साखर, बीपी आणि कर्करोगाची प्राथमिक तपासणी हा सरकारी कार्यक्रम आहे. आशाताई घरी येतात तेव्हा त्यांच्याकडे एक फॉर्म असतो, सीबॅक नावाचा. त्यात वय, तंबाखू, दारू, व्यायाम यांच्याबरोबर कमरेचं माप विचारतात आणि गुण देतात. गुण चारच्या वर गेले की तपासणीला आधी बोलवायचं. साधी टेप आणि पाच मिनिटं. पण शहरांतल्या इमारतींत आशाताईंना गेटवरूनच परत पाठवतात, आणि चाळीत, वस्तीत 'आम्हाला काही झालं नाही' म्हणून दार लोटून घेतात. जपानने २००८ पासून ४० ते ७४ वयाच्या लोकांच्या वार्षिक तपासणीत कमरेचं माप सक्तीचं केलं आणि मालकांना, विमा संस्थांना त्याची जबाबदारी दिली. आपल्याकडे सक्ती नाही. निदान आशाताईंना आत तरी घ्या. सोसायटीच्या सचिवांनी एका रविवारी त्यांना बोलावून सभागृह उघडून द्यावं. गणेश मंडळांनी आरोग्य शिबिरं जरूर भरवावीत, पण शिबिरात ज्यांची साखर किंवा बीपी जास्त निघेल, त्यांची नावं घेऊन महिन्याभराने त्यांना फोन करणारा एक कार्यकर्ता नेमावा. 'डॉक्टरांना दाखवावे' हा शिक्का मारून काम संपत नाही, हे मी पिशवीतल्या त्या कागदावरून शिकले.

खाण्याबद्दल थोडंच सांगते, कारण दीक्षितांचा आहार की दिवेकरांचा, या वादात महाराष्ट्राची बरीच शक्ती गेली आहे. दोनदा जेवा की सहादा, त्यात मी पडत नाही. घरातलं तेल तेवढं मोजा. भारतीय माणसाचा वर्षाचा सरासरी खप १९.७ किलोवर गेल्याचं नीती आयोगाने २०२४ मध्ये नोंदवलं. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची शिफारस १२ किलोची आहे. म्हणजे माणशी महिन्याला एक किलो, फोडणीपासून बाहेरच्या वड्यापर्यंत सगळं धरून. चौघांच्या घरात पंधरा किलोचा डबा पावणेचार महिने तरी पुरायला हवा. तुमच्या घरी किती पुरतो, ते डब्यावर तारीख टाकून बघा.

इंजेक्शनांबद्दलही लोक विचारतात. वजन कमी करणारी नवी इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात आली तेव्हा महिन्याचा खर्च चौदा हजारांपासून पुढे होता. त्यांतल्या सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची होती, त्यानंतर किमती उतरण्याची आशा होती. ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यासाठी ही औषधं मोठा आधार आहेत, आणि ती सरकारी रुग्णालयातही मिळाली पाहिजेत. पण ती बंद केल्यावर वजन बऱ्याच अंशी परत येतं, म्हणून लग्नाआधी बारीक व्हायला किंवा ओळखीच्या केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय ती घेऊ नका.

थोडं वजन उतरवल्याचा फायदा किती, हेही कळू द्या, कारण पुष्कळांना वाटतं की वीस-पंचवीस किलो उतरल्याशिवाय उपयोग नाही. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंध अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले, उंबरठ्यावरच्या लोकांनी सुमारे सात टक्के वजन उतरवण्याचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्याचं लक्ष्य ठेवलं, तेव्हा मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईच्या अभ्यासकांनी भारतीयांवर असाच प्रयोग केला, २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, आपल्याकडे घट साडेअठ्ठावीस टक्के भरली. कमी वाटेल, पण उंबरठ्यावरच्या १३.६ कोटींना हे लावून पाहा, म्हणजे किती डायलिसिस यंत्रं मोकळी राहतील याचा अंदाज येईल. ऐंशी किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे सुमारे साडेपाच किलो उतरवायचे आहेत.

येत्या रविवारी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची कंबर मोजा. श्वास सोडून, पोट आत न ओढता, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरून. पुरुषाची ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या वर भरली, तर सोमवारी जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा मुंबईत असाल तर 'आपला दवाखान्या'त जाऊन साखर आणि बीपी तपासून घ्या. रिपोर्टवर तारीख घालून तो जपून ठेवा, आणि आकडा जास्त आला तर त्याच आठवड्यात डॉक्टरांसमोर बसा. त्रास व्हायची वाट पाहू नका.